चौथी हाक

बडोदे, ता. २ फेब्रुवारी १९१३

सुभान,

वर आशीर्वाद लिहिलेला नाही. राहून गेलेला नाही, मुद्दाम घातलेला नाही.

तुझ्या बायकोने पाद्र्याहून पाठवलेलं लुगडं आणि तांदळाचं पोतं आल्या गाडीने परत केलं आहे. गंगाबाईवर माझा राग नाही. तिला सांग, पोतं मी सोडलंसुद्धा नाही.

काल कचेरीतले भास्करराव घरी आले होते. हे आणि ते एकाच टेबलावर नकाशे काढत. त्यांनी तुझ्या जबानीची नक्कल आणली होती.  मी त्यांना एक वाक्य तीनदा वाचायला लावलं: "मी दोर धरून बसलो असता, वेस्ता राठवा याने आणलेला कुजका दोर मध्येच तुटला व माझे मेहुणे दत्ताजीराव खाली पडले."

कुजका म्हणे! दुसऱ्याने बांधलेलं गाठोडं सोडून पुन्हा स्वतः बांधणारा माणूस कुजक्या दोराला लटकला, असं तुला म्हणायचं आहे? त्या कोतरात, त्या अरुंद दरीत, यांचे तीन महिने गेले होते. सरकारी इमारतींना चुना हवा, म्हणून धोळ्या कोतरातल्या पांढऱ्या कड्याचा थर न् थर तपासून दगडाचे तुकडे आणायचं काम यांच्याकडे आलं होतं. वेस्ता आणि त्याचा बाप त्याच कड्यावर मधासाठी जन्मभर उतरले. पळसाच्या मुळांची साल कुटून ते दोर वळतात. हे रोज सकाळी तो हातभर हातभर तपासून मग कमरेला बांधत. मला त्यांनी तसं लिहिलं होतं.

तुझी स्मरणशक्ती एकाएकी अधू झालेली दिसते, म्हणून आश्विनातलं यांचं पत्र उतरवून देते. "इथे वर दोर धरायला बसतो तो उतरणाऱ्याच्या बायकोचा भाऊच. बाप नाही, सख्खा भाऊ नाही. वेस्ताला कारण विचारलं, तर हसत म्हणाला, 'साहेब, भाईने तो जमीन मळे. सालो पोतानी बेनने रांडवा ना दे.' खरंच आहे. भाऊ मेला तर भावाला जमीन मिळेल, पण मेहुणा आपल्या बहिणीला विधवा कशी होऊ देईल? कड्याच्या माथ्यावर खडकात टाचांच्या दोन खोबणी आहेत, पिढ्यान् पिढ्या बसून पडलेल्या. त्यात टाचा रोवायच्या, दोराचा फास कमरेला घालायचा, आणि खालच्याचे पाय जमिनीला लागेपर्यंत उठायचं नाही. खालून हिसका आला की वरच्याने बहिणीचं नाव घेऊन हाक द्यायची. हाक आली की खालचा पुढे उतरतो. नाही आली तर आहे तिथेच थांबतो."

वाचलंस? त्या बैठकीवर तू बसला होतास. यांनीच तुला बोलावलं होतं, विश्वासाने.

वेस्ता अठरा दिवस कोठडीत आहे. घरी बायको आणि दोन पोरं आहेत. ता. १० मार्चला सोमवारी सुनावणी आहे. तिथे ये आणि काय झालं ते सांग. दुसरं काही मागत नाही.

अहल्या

&nbsp;

बडोदे, ता. १३ फेब्रुवारी १९१३

सुभान,

तुझं पत्र मिळालं. मोजून दोन ओळी. "आक्का, जे झालं ती देवाची इच्छा. एकटी राहू नकोस, माहेरी ये."

देवाला मध्ये आणू नकोस. तो दोर धरून बसला नव्हता. आणि माहेर म्हणजे कोण रे आता? आबासाहेब गेले, आई गेली, उरलास तू. तुझ्या दारात येऊन मी कोणाच्या हातचं पाणी पिऊ?

परवा मी वेस्ताला भेटून आले. आळीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. तेरावा होऊन महिनाही झाला नाही आणि ही निघाली कोठडी बघायला, असं बोलल्या. बोलोत. डभोईच्या छोट्या गाडीने गेले, पुढे बैलगाडीने. भास्करराव सोबत होते.

गजांपलीकडचा माणूस मला बघून उभा राहिला आणि रडायला लागला. आधी मला वाटलं, सुटकेसाठी रडतो आहे. तसं नव्हतं. त्या दिवशी तो खाली ओढ्यात दगडांच्या पिशव्या भरत उभा होता. त्याने सगळं पाहिलं. यांनी पहिला हिसका दिला, वरून "अहल्या" अशी हाक आली. दुसरा दिला, आली. तिसरा दिला, तीही आली. मग हे मधमाश्यांच्या पोळ्यांखालच्या बाकदार भागाशी पोचले आणि चौथा हिसका दिला. वरून काहीच नाही. हे थांबले. पुन्हा हिसका दिला. थांबले. वेस्ता खालून ओरडला, "साहेब, हालशो नहीं!" आणि तेवढ्यात दोर सैल पडला.

सैल पडला, सुभान. तुटला नाही.

हे तळाला आलेच नाहीत. निम्म्यावर एक कंगोरा आहे, त्यावर आपटले. वेस्ता खालून बोटं रुतवत वर चढला, विळ्याने यांच्या कमरेजवळ दोर कापला आणि यांना पाठीवर बांधून उतरवलं. तेच कापलेलं टोक तू पंचांना दाखवलंस. विळ्याचा काप आणि तुटलेला दोर यांतला फरक शेणी थापणाऱ्या पोरीलाही कळेल. पंचांना कळला नाही, कारण सांगणारा तू, पथकातला जमादार होतास आणि नाही म्हणणारा रानातला राठवा.

हे ओढ्याकाठी थोडा वेळ जिवंत होते. काय म्हणाले ते वेस्ताने पंचांना सांगितलं होतं, कोणी लिहून घेतलं नाही. मी लिहिते. "नाव का नाही घेतलं?" एवढंच म्हणाले.

तुला एक माहीत नाही. तू मला जन्मभर आक्का म्हणालास, म्हणून नाव घ्यायला पहिल्या दिवशी लाजलास, असं यांनी पत्रात लिहिलं होतं. पुढे लिहिलं होतं, "मी घरात तुझं नाव कधी घेतलं नाही, आपल्यात घेत नाहीत. इथे अधांतरी लोंबकळत ते दिवसातून वीसदा ऐकतो. बरं वाटतं."

सुभान, तू हाक का दिली नाहीस?

अहल्या

&nbsp;

धोळ्या कोतराशेजारी, वेस्ताच्या घरून, ता. २५ फेब्रुवारी १९१३

सुभान,

उत्तर आलं नाही. मग उत्तर आणायला मीच आले.

तळव्यांना चिंध्या बांधून लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर माझा दोष नाही. काल सकाळी वेस्ताच्या बायकोबरोबर, रेवलीबरोबर, कोतरात शिरले. आधी ओढ्याच्या पात्रातून चाललो. माठाएवढे गोटे, मध्येच कमरेइतकं हिरवं पाणी. दोन्हीकडचे कडे इतके जवळ येतात की वर आकाशाची नुसती पट्टी उरते. दगड दिसायला पांढरा, मऊ, पावसाने भोकं पाडलेला. पण हात टाकला की माशाच्या खवल्यासारखा कापतो. काष्टा घट्ट मारला आणि चढले. एका ठिकाणी पिंपरणीची मुळं कडा फोडून खाली आली आहेत, त्यांना धरून धरून वर जायचं. दोनदा पाय सुटला. दुसऱ्या वेळी रेवलीने माझी टाच आपल्या डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "चालो बेन, नीचे ना जोशो." मी खाली बघितलं नाही. मी तुला शिव्या देत चढले, त्याने बळ येतं.

माथ्यावर ती बैठक पाहिली. टाचांच्या खोबणी अगदी गुळगुळीत झालेल्या. मी त्यात टाचा घालून बसले. बसल्यावर उठावंसं वाटत नाही इतकी पक्की जागा आहे. मग तू उठलास कसा?

ते मला रेवलीने सांगितलं. त्या दिवशी ती पलीकडच्या काठावर गवत कापत होती. मधे कोतर होतं, पण नजरेला आड काही नव्हतं. माथ्यावरच्या वाटेने घोडे आले. पुढच्या घोड्यावर जरीची पगडी होती. "बेन, तमारा भाईए दोरडूं केडेथी काढ्यूं, झाडवे भेरव्यूं. पाघडी पेरी, जोडा पेर्या, ने वांको वळीने सलाम करी." एकदा नाही, तिने मला वाकून तीनदा करून दाखवलं. राठव्याच्या बाईला मुजरा हा शब्द माहीत नव्हता. पण करून दाखवला तो इतका हुबेहूब, की तुला आबासाहेबांनी अंगणात शिकवलेला मुजराच मी पाहिला. पाठ वाकवलेली, उजवा हात जमिनीकडून कपाळाकडे.

तुमच्या पथकावरचे सरदारसाहेब शिकारीला आले होते. तुझ्या बढतीचा अर्ज त्यांच्याकडे पडून होता. आणि तू उघड्या डोक्याने, अनवाणी, मजुरासारखा कमरेला दोर बांधून दगडावर बसलेला. त्यांनी तसं पाहिलं तर काय म्हणतील! म्हणून तू फास कमरेतून काढलास, करवंदीच्या जाळीला अडकवलास आणि पगडी शोधलीस. सरकारस्वारीपुढे बसून राहायचं नाही, बोडक्या डोक्याने राहायचं नाही, एवढं तुला तीन पिढ्यांनी शिकवलं. टांगलेला माणूस टाकून उठायचं नाही, हे त्या अनवाणी लोकांना कोणी शिकवलं?

एका मुजऱ्याला किती वेळ लागतो रे? तेवढाच वेळ हे खाली तुझ्या हाकेची वाट बघत होते.

रेवली आरोपीची बायको, तिचा शब्द कोण धरणार? म्हणून मी खाली उतरले. हो, तुझी आक्का. दोराचा वरचा भाग अजून त्या कंगोऱ्यावर पडलेला होता, माथ्यावरून दिसत होता. आग्या मोहोळाच्या भीतीने पंचांपैकी कोणी तिथवर गेलं नव्हतं.

माझ्यासाठी दोर कोणी धरायचा, हा प्रश्न आला. चालीप्रमाणे मला माणूस नव्हता. रेवलीचा भाऊ बसायला तयार होता. रेवलीने त्याला मागे सारलं. झाडाला वेढा घेऊन त्याला मागे टेकू द्यायला लावलं आणि बैठकीवर स्वतः बसली. म्हणाली, तू पडलीस तर माझा नवरा आतच मरेल, मी कशी सोडेन? त्या लोकांची रीत मला तेव्हा पुरती कळली. दोर नात्याच्या नाही, ज्याचं काही जाणार आहे त्याच्या हातात देतात.

मी कड्यावरून पाठमोरी खाली गेले. तोंडात चुन्याची धूळ, कानाशी मधमाश्यांची घूं घूं. खोटं कशाला सांगू, पहिल्या चार हातांत मी ओरडून ओरडून वर घ्या म्हणणार होते. मग हिसका दिला. वरून हाक आली, "वेस्ता!" मी एक पाऊल खाली टाकलं. पुन्हा हिसका, पुन्हा "वेस्ता!" एकदाही चुकली नाही ती.

कंगोऱ्यावर दोर मिळाला. सबंध आहे. वरच्या टोकाचा फास जसाच्या तसा, आणि त्या फासात करवंदीचं मुळासकट उपटलेलं खोड आवळून बसलेलं आहे. बैठकीशेजारी ते जिथून उपटलं तो खड्डाही तसाच आहे. भास्कररावांनी गावच्या पाटलासमोर कागद करून घेतला. दोर आता माझ्याकडे आहे.

दगडावर यांच्या रक्ताचा डाग होता. त्यावर हात ठेवून मी बसले. किती वेळ, ते रेवलीला विचार.

अहल्या

&nbsp;

बडोदे, ता. ३ मार्च १९१३

सुभान,

आजपासून सात दिवसांनी सोमवार. तुला जमादाराचा सुभेदार केल्याचं ऐकलं. मुजरा फळला.

मी पहिल्या पत्रात एक खोटं लिहिलं होतं. दुसऱ्याला खरं बोल म्हणून दटावायचं आणि स्वतःचं झाकायचं, हे बरोबर नाही, म्हणून सांगते. यांनी तुला बोलावलं नव्हतं. यांना तू नको होतास. रेवलीच्या भावालाच हे दोर देत होते आणि काम ठीक चाललं होतं. "सुभान चांगला आहे, पण वरिष्ठ दिसला की त्याचे हात त्याचे राहत नाहीत," असं हे दिवाळीला घरी आल्यावर म्हणाले होते. मी चिडले. माझ्या भावाला असं म्हणता? दोन दिवस बोलले नाही.

आणि भाऊबीजेला तू ताटात ओवाळणी टाकायला लागलास तेव्हा मीच तुझा हात धरला. हे नको, म्हटलं, रजा काढ आणि यांचा दोर धर. तीच माझी ओवाळणी. तू हसलास आणि "दिली आक्का" म्हणालास. हे शेजारी पाटावर बसले होते.

रोज पहाटे जाग येते तेव्हा हे आठवतं. तुझ्यावरचा राग त्याने कमी होत नाही, चांगला दुप्पट होतो. तू माझा नवराच नाही मारलास, माझा शब्दही खोटा पाडलास, आणि तोही यांच्यासमोर.

दोर घेऊन मी सोमवारी तिथे असेन. तो टेबलावर ठेवायच्या आधी तू उभा राहा आणि सांग. माझ्या तोंडून निघालं तर तू खोटारडा ठरशील. तुझ्या तोंडून निघालं तर निदान आबासाहेबांचा मुलगा ठरशील.

अहल्या

&nbsp;

बडोदे, ता. २७ एप्रिल १९१३

सुभान,

तुझी तीन पत्रं आली. तिन्हींत तेच. आता तरी राग सोड, मी आलो ना, मी कबूल केलं ना, वेस्ता सुटला ना.

आलास खरा. मी दाराशी दोराची वळकटी मांडीवर घेऊन बसले होते. तू आत आलास. न्यायाधीशांच्या शेजारच्या खुर्चीत सरदारसाहेब बसले होते, सहज आल्यासारखे. आणि तू, माझ्याकडे न बघता, वेस्ताकडे न बघता, आधी त्यांना मुजरा केलास. तीनदा. तोच हात, तशीच पाठ. रेवलीने माझं मनगट इतकं आवळलं की दोराने काचलेल्या जखमेतून पुन्हा रक्त आलं.

मग तू बोललास. दोर तुटला नाही, मीच जागेवरून उठलो, म्हणालास. क्षणभर मला वाटलं, माझा भाऊ परत आला. न्यायाधीशांनी विचारलं, का उठलात? आणि तू म्हणालास, "तहान लागली होती. पाण्याला उठलो."

पाण्याला!

माझ्या जिभेवर शब्द आला होता. उभी राहून ओरडणार होते, पाण्याला नाही, त्या खुर्चीतल्या माणसाला वाकायला उठला! भास्कररावांनी हळूच सांगितलं, वहिनी, आत्ता बोललात तर सुनावणी लांबणीवर पडेल आणि वेस्ता परत आत जाईल. मी रेवलीकडे पाहिलं. तिला आमचं मराठी कळत नव्हतं, पण न्यायाधीशांचा चेहरा मऊ झाल्याचं कळत होतं. तिचा नवरा आता सुटणार, एवढंच तिच्या डोळ्यांत होतं. तिने माझा दोर धरला होता. मी तिचा कसा सोडू? मी शब्द गिळला आणि बसून राहिले.

वेस्ता सुटला. तुला समज मिळाली. बाहेर लोक म्हणाले, बिचारा, उन्हातान्हात तहान कोणाला लागत नाही? सरदारसाहेब घोड्यावर बसून गेले. तुझी सुभेदारी शाबूत राहिली. आणि तुझ्या खोट्यात मी भागीदार झाले. यांच्यामागे यांचं खरं मरणसुद्धा मला सांगता येऊ नये, एवढं तू केलंस. वर विचारतोस, राग कसला?

दोर मी वेस्ताला परत दिला, त्याचाच होता. त्याने करवंदीचं खोड काढून फेकलं, दोराला पाणी पाजलं आणि चैत्र लागताच मधाला उतरला. मी गेले होते. रेवलीचा भाऊ बैठकीवर बसला. माथ्यावरून तालुक्याचा कोणी अंमलदार चालला होता, शिपाई दरडावून म्हणाला, उठ रे, साहेब आहेत. तो उठला नाही. मान वळवून त्यांच्याकडे पाहिलंही नाही. खालून हिसका आला तशी त्याने "रेवली!" अशी हाक दिली. साहेब घोडा थांबवून ऐकत राहिले आणि मग बाजूने निघून गेले. काही झालं नाही, सुभान. कोणाचं काही बिघडलं नाही. इतकं सोपं होतं ते.

मी हाका मोजल्या. अकरा झाल्या. वेस्ताचे पाय ओढ्यात टेकले तेव्हा मी जागेवरून उठले.

मला एक ओळ लिहून पाठव, तू कोणासाठी उठलास ती. मी ती कोणाला दाखवणार नाही, यांच्या नकाशांच्या पेटीत ठेवीन. ती आल्याशिवाय माझ्या दाराशी येऊ नकोस, भाऊबीजेलाही नको.

आणि लिहिशील तेव्हा वर माझं नाव घालू नकोस, आक्काही म्हणू नकोस. चौथ्यांदा घ्यायचं होतं तेव्हा तू ते घेतलं नाहीस.